खाऊन राह्यला : इंग्रजी व्याकरणाच्या पहिल्या धड्याविषयी

शाळेच्या पुस्तकाबाहेर आम्ही वाचलेले पहिले इंग्रजी वाक्य एका कारखान्याच्या फाटकावर होते. लोहारा हे यवतमाळ शहराला लागून असलेले आमचे गाव. एका अंगाला काळ्या मातीची कापसाची वावरे आणि दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत, असे त्याचे रूप आमच्या लहानपणीच होऊ लागले होते. त्या वर्षी कापूस बुडाला होता आणि आमच्यापैकी एकाचे वडील वसाहतीत काम शोधत हिंडत होते. सायकलच्या दांडीवर पाचवीतला मुलगा बसलेला. फाटकापाशी सायकल थांबवून ते म्हणाले, "थ्या पाटीवर काय लिवलं हाय, वाच बरं." मुलाने अक्षरे जुळवली : 'नो व्हेकन्सी'. वाचता आले, अर्थ मात्र सांगता येईना. 'नो' ठाऊक होते. 'व्हेकन्सी' पुस्तकात नव्हते. शेवटी चौकीदारानेच सांगितले, "जागा नाही." वडिलांनी सायकल वळवली. परतीच्या वाटेवर ते काही बोलले नाहीत आणि मुलगा वेगळ्याच गोष्टीचा विचार करत राहिला. इंग्रजीच्या सरांनी त्याच आठवड्यात सांगितले होते की प्रत्येक वाक्यात क्रियापद असलेच पाहिजे. मग या वाक्यातले क्रियापद कोठे गेले?

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. १९९० च्या सुमारास आम्ही एकाच बाकावर बसून इंग्रजीची मुळाक्षरे गिरवली, पुढे दोघांनीही मराठीत एम.ए. केले आणि आज दोघेही महाविद्यालयात मराठीच शिकवतो. तेव्हा येथील 'आम्ही' हे आदरार्थी बहुवचन नसून साधे संख्यावाचक आहे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. मराठीच्या अध्यापकांनी इंग्रजी व्याकरणावर का लिहावे, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर असे की, व्याकरण म्हणून जे काही असते ते आम्हांस प्रथम इंग्रजीच्या तासाला भेटले आणि आपल्या बोलीविषयीची लाजही आम्ही त्याच तासाला शिकलो. या दोन गोष्टी एकत्र कशा आल्या आणि त्यांची फारकत करण्यास आम्हांस तीस वर्षे का लागली, हे येथे सांगावयाचे आहे.

आमच्या वेळी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे. महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झाले २००० साली. दहा-अकरा वर्षांच्या मुलांसमोर ही भाषा एकदम उभी राही आणि ती आली ती सूत्रांच्या रूपाने. आमचे सर कष्टाळू होते. दोन रंगांचे खडू घेऊन ते फळ्यावर सूत्र लिहीत : कर्ता, त्यापुढे 'ॲम-इज-आर', त्यापुढे मूळ क्रियापद, त्याला चिकटून 'आयएनजी' आणि शेवटी कर्म. गणिताच्या तासाला जशी वर्गाची, आयताची सूत्रे, तशीच ही. सूत्र पाठ झाले की त्यात शब्द घालावयाचे आणि वाक्य तयार व्हावयाचे. वाक्य कोणी कोणास, कशासाठी म्हणावयाचे, याचा विचार त्यात नसे.

तरीही मुलांच्या मनात प्रश्न येतच. एकदा आमच्यापैकी एकाने विचारले, "सर, 'यू' म्हणजे तू. तू तर एकच असतो. मग 'यू आर' काहून? 'यू इज' का नाही?" सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "इंग्रजीत तसंच असतं. पाठ कर." दुसरा प्रश्न 'एस'चा होता. 'आय गो', 'यू गो', 'वुई गो', 'दे गो' आणि मध्येच 'ही गोज'. एकट्या त्यालाच ही शेपटी कशाला? याचेही उत्तर तेच होते.

तिसरा प्रसंग मात्र प्रश्नाचा नव्हता. सरांनी फळ्यावर 'ही इज ईटिंग अ मँगो' हे वाक्य लिहिले आणि मराठी विचारले. आमच्यापैकी एकजण उभा राहिला आणि सहज बोलून गेला, "तो आंबा खाऊन राह्यला." वर्ग हसला. हसणाऱ्यांपैकी प्रत्येक जण घरी हेच बोलत असे. पण शाळेत ते वाक्य कानी पडताच हसावयाचे असते, हे सर्वांना कोणी न शिकवता कळलेले होते. सर रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे फळ्यावर लिहिले : 'तो आंबा खात आहे.' आणि म्हणाले, "ही भाषा. ते तुमचं बोलणं. त्याला व्याकरण नसतं."

छडीचे वळ दोन दिवसांत जातात. हे वाक्य राहिले. आम्ही ते खरे मानले. पुढच्या दहा वर्षांत आम्ही 'मले'चे 'मला' केले, 'काहून'चे 'का' केले, 'डोया'चा 'डोळा' आणि 'पानी'चे 'पाणी' केले. घरी आल्यावर पुन्हा उलट. इंग्रजीची सूत्रे पाठ करत असताना आम्ही खरे पाहता दोन परक्या भाषा एकाच वेळी शिकत होतो. त्यांपैकी एक परकी आहे हे सर्वांस मान्य होते. दुसरीविषयी तसे म्हणण्याची सोय नव्हती, कारण ती आमची मातृभाषा होती.

एम.ए.च्या वर्गात मराठी व्याकरणाचा इतिहास अभ्यासास आला आणि आम्हांस पहिला धक्का बसला. शब्दांच्या आठ जाती आपण शाळेपासून घोकतो : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. इंग्रजीच्या तासाला 'पार्ट्स ऑफ स्पीच' आले तेव्हा 'हे तर आपलेच' म्हणून आम्हांस हायसे वाटले होते. आता कळले की गोष्ट उलटी आहे. यास्काच्या निरुक्तात पदांचे प्रकार चार आहेत : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. आठांची ही मांडणी मराठीत आली ती इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांच्यासमोर संस्कृतची परंपरा होती आणि इंग्रजीचा नवा नमुनाही होता. त्या काळी इंग्रजी जगात सर्वाधिक चालणारे व्याकरण लिंडले मरे याचे होते. हा मूळचा अमेरिकेतील वकील इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिला आणि तेथील मुलींच्या एका शाळेतील शिक्षिकांच्या विनंतीवरून त्याने १७९५ साली आपले पुस्तक लिहिले. मुलींच्या शाळेसाठी लिहिलेल्या त्या पुस्तकाची चौकट मुंबईपर्यंत पोहोचली आणि तिच्यावर मराठी व्याकरणाचे कापड ताणले गेले.

मरेची चौकट तरी त्याची स्वतःची होती का? इंग्रजी व्याकरणाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा दिसले की तीही उसनीच. इंग्रजी भाषेचे पहिले छापील व्याकरण १५८६ चे, विल्यम बुलोकर याचे. त्यानंतर १६५३ मध्ये जॉन वॉलिस याने इंग्रजीचे व्याकरण लिहिले, ते चक्क लॅटिन भाषेत. व्याकरण म्हणजे लॅटिनचे व्याकरण, अशीच विद्वानांची समजूत होती. बाजारात, शेतात बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीस नियम असतील, हे सिद्ध करावे लागत होते. आठ शब्दजातींची कल्पनाही ग्रीकांकडून लॅटिनकडे आणि तेथून इंग्रजीकडे, वाटेत एखादी जात गाळून आणि एखादी नवी घालून, आलेली. म्हणजे इंग्रजीने लॅटिनचा सदरा घातला, मराठीने इंग्रजीचा आणि आम्हा वऱ्हाडी मुलांना प्रमाण मराठीचा. सदरा वापरण्यात गैर काहीच नाही. मात्र ज्याच्या मापाचा सदरा नाही त्याला अंगच नाही, असे कोणी म्हणू लागले तर ते गैर आहे.

मोरो केशव दामल्यांनी १९११ मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिले, त्याआधी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी दादोबांच्या व्याकरणाची चिकित्सा केली होती. ही सारी चर्चा वाचताना आम्हांस एक गोष्ट फार आवडली. नियम हे आकाशातून पडत नाहीत. माणसे ते शोधतात, त्यांवर भांडतात, चुकतात आणि दुरुस्त करतात. हे आम्हांस पाचवीत कोणी सांगितले असते तर 'तसंच असतं, पाठ कर' या वाक्याचा धाक इतका बसला नसता.

आमच्या दोन प्रश्नांची उत्तरेही पुढे मिळाली. 'यू आर' मधील 'यू' मुळात अनेकवचनी आहे. जुन्या इंग्रजीत एकास 'दाऊ' म्हणत आणि अनेकांस 'यी' वा 'यू'. पुढे प्रतिष्ठिताशी बोलताना एकासही अनेकवचन वापरण्याची रीत पडली, ती हळूहळू सर्वांस लागू झाली आणि 'दाऊ' शिष्ट बोलण्यातून नाहीसे झाले. 'आर' हे अनेकवचनी क्रियापद मात्र त्या जुन्या अनेकवचनाची खूण म्हणून राहिले. आम्ही घरी आईस 'तू' म्हणत होतो आणि सरांस 'तुम्ही'. 'तुम्ही आलात', 'बाबा आले' ही आदराची बहुवचने आमच्या जिभेवर होतीच. 'यू आर'चा नियम आम्हांस ठाऊक होता. तो आपल्याला ठाऊक आहे, एवढेच ठाऊक नव्हते. गंमत अशी की लिंडले मरे ज्या क्वेकर पंथाचा होता, त्या पंथाने हे आदरार्थी 'यू' नाकारले होते. देवापुढे सर्व माणसे सारखी, मग एकास एकवचन आणि दुसऱ्यास अनेकवचन का, या विचाराने ते राजा-रंक सर्वांस 'दाऊ' आणि 'दी' म्हणत आणि त्यासाठी सतराव्या शतकात त्यांनी लोकांचा रोषही सोसला. एका सर्वनामात एवढे सगळे सामावलेले असते.

'एस'ची कथा याहून बोलकी आहे. मराठीत 'जातो, जातोस, जातात' असे क्रियापद पुरुषागणिक बदलते, तसे ते इंग्रजीतही पूर्वी बदलत असे. 'दाऊ'बरोबर येणारा प्रत्यय 'दाऊ' गेल्यावर गेला. तृतीयपुरुषी एकवचनाचा प्रत्यय तेवढा उरला. तोच हा 'एस'. परंतु तो लंडनचा नव्हे. दक्षिणेकडील शिष्ट इंग्रजीत तेथे 'एथ' हा प्रत्यय होता. 'एस' हा उत्तर इंग्लंडमधील बोलींचा. सोळाव्या-सतराव्या शतकांत उत्तरेचा हा प्रत्यय राजधानीच्या भाषेत शिरला आणि त्याने 'एथ'ला बाजूस सारले. आज जगभरातल्या शाळांत जो नियम चुकला म्हणून गुण कापले जातात, तो नियम एके काळी प्रांतिक बोलीतला होता. हे वाचले त्या दिवशी आम्हांस 'खाऊन राह्यला' आठवले. 'बोलण्याला व्याकरण नसतं' हे सरांचे वाक्य आम्ही इतकी वर्षे खरे मानले होते. इंग्रजीचा पहिलाच नियम त्याच्या विरुद्ध साक्ष देत होता.

येथे लेख संपवता आला असता, तर आम्ही स्वतःस सुटल्यासारखे मानले असते. तसे झाले नाही, कारण मधल्या काळात सरांच्या जागी आम्ही येऊन बसलो होतो.

आमच्या बी.ए.च्या वर्गात जवळच्या खेड्यातून येणारी एक मुलगी होती. पहिल्या वर्षी ती वर्गात बोलत असे. एका कवितेवर बोलताना ती म्हणाली, "मले वाटते का या बाईले कोनीच इचारलं नाही." तिचे म्हणणे उत्तम होते. त्या कवितेविषयी त्या तासाला झालेले ते एकमेव स्वतंत्र विधान असेल. आम्ही काय केले? "मला वाटते की," असे म्हणून आम्ही तिचे वाक्य दुरुस्त केले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. तिच्या चाचणीच्या वहीत 'मले' शब्दाखाली लाल रेघ मारली. वर्ग हसला नाही. आता मुले हसत नाहीत, गप्प बसतात. ती मुलगी उरलेली दोन वर्षे वर्गात बोलली नाही. आमच्यापैकी एकाने केलेली ही गोष्ट आहे. परंतु दुसऱ्यानेही तेच केले असते, म्हणून येथे 'आम्ही' असेच लिहितो.

तीच मुलगी २०२३ च्या उन्हाळ्यात लोहाऱ्यास आमच्याकडे आली. तलाठी भरतीची परीक्षा ती देणार होती. त्या परीक्षेत १०० प्रश्न आणि २०० गुण. त्यांपैकी २५ प्रश्न मराठीचे आणि २५ इंग्रजीचे. मराठीची तिला चिंता नव्हती. "सर, इंग्रजीचे ग्रामर एकदम पहिल्यापासून सांगता का?" असे तिने अगदी जपून, प्रमाण मराठीत विचारले. तिचे ते जपणे आम्हांस ऐकू आले.

संध्याकाळी अंगणात बाज टाकून आम्ही बसू लागलो. तिच्यासोबत तिची मावसबहीण आणि शेजारची दोन पोट्टीही येत. पहिले चार दिवस आम्ही सरांसारखेच सूत्रे सांगितली. साधा वर्तमानकाळ आणि चालू वर्तमानकाळ यांत ती पुन्हापुन्हा घोटाळा करी. 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग' यांतला फरक सांगताना आम्ही 'मी जातो' आणि 'मी जात आहे' ही जोडी देत होतो आणि तिथेच गाडी अडत होती. कारण उघड होते. 'जात आहे' हे रूप ती केवळ पुस्तकात वाचत आली होती. त्याचा नेमका अर्थ तिच्या कानात वाजत नव्हता. शिवाय 'चल, मी जाते' असे म्हणताना प्रमाण मराठीतही साधे रूप या क्षणासाठी चालून जाते. आधाराला दिलेला दोर स्वतःच सैल होता.

पाचव्या दिवशी तिची आई तिला बोलवावयास आली आणि बाहेरूनच हाक मारून म्हणाली, "अवं, काय करून राह्यली?" तिने उत्तर दिले, "शिकून राह्यली!" आणि आमच्या डोक्यात तीस वर्षांपूर्वीचा फळा उभा राहिला.

आम्ही तिला विचारले, "आईने 'काय करते' असे का विचारले नाही?"

ती म्हणाली, "काय करते म्हंजे धंदा काय करते, रोज काय करते. तिले आत्ताचं पुसाचं होतं."

तिला यापुढे आम्ही काही शिकवण्याची गरज उरली नाही. 'करतो' म्हणजे नेहमीचे आणि 'करून राह्यलो' म्हणजे आत्ता चालू असलेले, हा भेद वऱ्हाडी बोलीत पक्का आहे आणि तिथे गोंधळास जागा नाही. 'तो वावरात जातो' हा त्याचा नेम. 'तो वावरात जाऊन राह्यला' म्हणजे तो या घडीला वाटेत आहे. इंग्रजीच्या दोन काळांतील भेद नेमका हाच. शेजारच्या हिंदीत 'जा रहा है' आहे, त्याचीच ही बहीण. तिने वहीत दोन रकाने केले, एकात 'जातो', दुसऱ्यात 'जाऊन राह्यलो', आणि त्यापुढे इंग्रजी वाक्ये लिहीत गेली. वीसांपैकी अठरा बरोबर आली. आमच्या सहावीच्या वर्गात तो मुलगा 'खाऊन राह्यला' म्हणाला होता तेव्हा त्याने केलेले भाषांतर चुकीचे तर नव्हतेच. पुढच्या नियमाची किल्ली त्यात होती. ती सर्वांसमोर हाती आली आणि सर्वांनी मिळून फेकून दिली.

चुकलेल्या दोन वाक्यांविषयीही सांगितले पाहिजे, नाहीतर आम्ही बोलीचा नुसताच जयजयकार केला असे होईल. त्यांपैकी एक होते 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग'. वऱ्हाडीत 'मले समजून नाही राह्यलं' असे सर्रास म्हणतात. इंग्रजीत समजणे, माहीत असणे, आवडणे अशा स्थितिवाचक क्रियापदांस हे रूप सहसा लावत नाहीत. म्हणजे बोलीचा नियम आणि इंग्रजीचा नियम काही अंतर एकत्र चालतात आणि एका वळणावर वेगळे होतात. पण हे वळण दाखवता आले, ते दोन्ही रस्ते आम्ही समोर ठेवले म्हणून. 'इंग्रजीत तसंच असतं' असे म्हणण्याऐवजी 'आपण असे म्हणतो, ते असे म्हणत नाहीत' असे सांगता आले. दुसऱ्या वाक्यात तिने 'एस' विसरला होता. त्यावर आम्ही तिला उत्तर इंग्लंडच्या बोलीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ हसली आणि म्हणाली, "म्हंजे तिकडचे लोकही आपल्यासारखेच." त्यानंतर तिने 'एस' विसरल्याचे आम्हांस आठवत नाही.

यावर आमच्याच वर्तुळातील मित्र एक आक्षेप घेतात. बोलीतून शिकवणे हे पहिल्या पायरीपुरते ठीक; पण परीक्षा, अर्ज, मुलाखत प्रमाण भाषेतच होते. मुलांस 'मले' म्हणू दिले तर त्यांचे नुकसान कोण भरून देणार? आक्षेप खरा आहे. तलाठी भरतीच्या मराठीच्या २५ प्रश्नांत 'मले'ला गुण नाहीत. प्रमाण मराठी शिकवू नये, असे आम्ही म्हणत नाही. ती शिकवण्याचेच वेतन आम्ही घेतो. आमचे म्हणणे एवढेच की, प्रमाण मराठी ही वऱ्हाडातील मुलास इंग्रजीप्रमाणेच नियम सांगून, तुलना करून शिकवावी लागेल. 'ला'च्या जागी 'ले' येणे ही जिभेची घसरण नाही. वऱ्हाडीत 'मले, तुले, त्याले, घराले' असे सर्वत्र 'ले'च येते. जे सर्वत्र येते, अपवादानेही चुकत नाही, त्यालाच तर नियम म्हणतात. चूक तुरळक असते, नियम सार्वत्रिक असतो. हा भेद व्याकरणाच्या पहिल्या धड्यातला आहे आणि लाल रेघ मारताना तोच आम्ही विसरलो होतो.

वस्तुतः वऱ्हाडास ही आठवण करून द्यावी लागावी, हेच नवल. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात मराठीच्या इतर बोलींसोबत वऱ्हाडीचेही नमुने व्याकरणासह नोंदलेले आहेत. त्याच्या कितीतरी आधी, तेराव्या शतकात, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्याचा आरंभ आपण तेथून मोजतो. महानुभाव पंडित भीष्माचार्यांचे 'पंचवार्तिक' हे मराठीतील आद्य व्याकरणविषयक लेखन मानले जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा या प्राचीन ग्रंथांची नावे व्याख्यानांतून पुष्कळ घेतली गेली. त्या व्याख्यानांस आलेली किती मुले 'मले' म्हणावयास भीत होती, हे मात्र कोणी विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. त्यांपैकी दोन व्याख्याने आमचीच होती.

असो. पाटीचा प्रश्न राहिला. 'नो व्हेकन्सी' मध्ये क्रियापद कोठे आहे? उत्तर असे की तेथे ते नाही. इंग्रजीतील तो 'नो' नामास चिकटलेला, विशेषणासारखा शब्द आहे. पाट्यांच्या भाषेत क्रियापद गाळण्याची रीत आहे आणि 'देअर इज' हे शब्द वाचणाऱ्याने मनात घालावयाचे असतात. पण चौकीदाराने जे मराठीत सांगितले, 'जागा नाही', ते वाक्य पूर्ण होते. मराठीत 'नाही' हे क्रियापदच आहे. 'नाही, नाहीस, नाहीत' असे ते चालते. 'न' आणि 'आहे' त्यात एकजीव झालेले आहेत. सायकलवरचा मुलगा ज्या क्रियापदाचा शोध घेत घरापर्यंत आला ते त्याच्या कानावर आधीच पडून गेले होते.

त्या मुलाचे वडील आता हयात नाहीत. गेल्या वर्षी ही 'नाही'ची फोड आम्ही त्या मुलीस सांगितली. तिची तलाठीची निवड झाली नाही. काही गुणांनी हुकली. इंग्रजीत तिला मराठीपेक्षा दोन गुण अधिक होते, हे तिनेच हसत सांगितले. सध्या ती पुढच्या परीक्षेची तयारी करत असून सकाळी गावातल्या सात-आठ मुलांस इंग्रजी शिकवते. पहिल्या दिवशी ती सूत्र लिहीत नाही. "तुही माय आत्ता काय करून राह्यली?" असे प्रत्येकास विचारते आणि मुले एकेक करून सांगतात : भाकर करून राह्यली, पानी भरून राह्यली, कापूस येचून राह्यली. मग ती फळ्याकडे वळते.

आम्ही आमच्या वर्गात यंदापासून एवढाच बदल केला आहे की, निबंधातील 'मले'खाली लाल रेघ न मारता समासात 'प्रमाण रूप : मला' असे निळ्या शाईने लिहितो, आणि वर्गात कोणी बोलत असताना वाक्य पुरे होईपर्यंत काही दुरुस्त करत नाही. वाचकांपैकी जे अध्यापक आहेत त्यांना हे फार थोडे वाटेल. आम्हांसही ते थोडेच वाटते. परंतु मागच्या बाकावरून या सत्रात दोन नवे आवाज ऐकू आले, म्हणून लिहिले.